तोंडं न दिसणारे फोटो

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. त्यांना धड फोटो काढता येत नाही, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं समजत होतो, आणि त्यात सगळ्यात पुढं मी. शाळा ढोकीच्या अलीकडची. मी मराठी शिकवायची, आणि गॅदरिंगचे नाच माझ्या गळ्यात पडलेले. नाच मी बसवायचे आणि फोटो सरांनी काढायचे, ही वाटणी मी रुजू झाले त्या वर्षीच कुणीतरी करून टाकली होती. पुढं एकवीस वर्षं ती कुणी मोडली नाही.

पहिल्या वर्षीचे फोटो त्यांनी माझ्या हातात ठेवले तेव्हा मी चाटच पडले. गौळणीला सोळा पोरी होत्या. महिनाभर घसा फोडून मी त्यांना नाचवलं होतं. फोटोत बघते तर सोळा रंगीत फराटे. कुठं एक पाय दिसतोय, कुठं वेणीचा गोंडा, मधेच अर्धी घागर. एका पोरीचं तोंड ओळखू येईल तर शपथ. मी म्हटलं, सर, तुमचा हात हलला वाटतं.

माणूस तसा गरीब, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बाई, हात हललेला नाही. पोरी हलल्यात. मागचा खांब बघा."

मागं आमच्या व्हरांड्याचा चुना दिलेला खांब होता. मी कशाला खांब बघतेय? हेडसरांची पुतणी तिसऱ्या रांगेत होती, ती कुठं सापडते का हे मी बघत होते. फोटो परत दिले आणि नववीच्या तासावर गेले.

नंतर हळूहळू कळलं की ते मुद्दाम करतात. कॅमेऱ्याचं झापड जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं, सेकंदाचा आठवा भाग, कधी पंधरावा. तेवढ्यात जे स्थिर असेल ते ठसठशीत येतं आणि जे हलेल ते वाहत जातं. हे त्यांनी मला किमान दहा वेळा समजावलं असेल, आणि मी दहाही वेळा मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं गॅदरिंग भर दुपारी असायचं, कारण पोरी लांबच्या वस्त्यांवरून यायच्या आणि दिवस मावळायच्या आत त्यांना घरी पोचवायला लागायचं. दुपारच्या त्या उन्हात झापड एवढा वेळ उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक पडतो म्हणे. मग सरांनी काय करावं? वेल्डिंगवाल्याकडून गॅस वेल्डिंगच्या चष्म्याची काळी काच आणली आणि रबरानं कॅमेऱ्याच्या तोंडावर बांधली. त्यानं फोटोला हिरवी झाक यायची. पोरं त्यांना शेवाळी फोटो म्हणायची, सरांच्या तोंडावरसुद्धा. सर म्हणायचे, असू दे, पाण्यातला नाच आहे असं समजा.

आणि तयारी तरी किती! आमच्या तालमी सुरू झाल्या की हे मागच्या बाकावर येऊन बसायचे. कॅमेरा नाही, काही नाही. नुसते पोरींच्या पायांकडं बघत. पहिल्यांदा मला ते आवडलं नाही, मी तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणाले, बाई, नाचताना एक पाय कुठंतरी टेकतो, तेवढाच एक क्षण तो खरा उभा असतो. तो कधी टेकतो ते पाठ झाल्याशिवाय बोट दाबून उपयोग नाही. आणि खरंच पाठ करायचे हो. एकदा मधल्या सुट्टीत खडू आणायला चित्रकलेच्या खोलीत गेले, तर हा पन्नाशीचा माणूस दार लोटून घेऊन एकटाच माझ्या गौळणीच्या स्टेपा करत होता. पँट दुमडलेली, तोंडानं धिन धिन चाललेलं. मला बघून थांबले नाहीत. तिसऱ्या कडव्याला उजवा पाय आधी का डावा, एवढंच विचारलं. मी हसत हसत स्टाफरूममध्ये आले आणि सगळ्यांना करून दाखवलं. आठवडाभर आम्हाला तो विषय पुरला.

गॅदरिंगच्या दिवशी मात्र ते ओळखू यायचे नाहीत. समोरच्या कडुलिंबाला पाठ टेकून उभे राहायचे, दोन्ही कोपरं बरगड्यांत रुतवलेली, श्वास धरलेला. तिपाई वापरायचे नाहीत. तिपाईला ताल कळत नाही म्हणे. आपण त्यांच्या समोरून गेलो, हाक मारली, तरी पापणी हलायची नाही. हाताचा त्यांना फार अभिमान. कॅन्टीनमधून चहा आणायचे तो काठोकाठ भरलेल्या बशीत, पूर्ण मैदान ओलांडून स्टाफरूमपर्यंत, आणि थेंब सांडायचा नाही. रोज. आम्ही म्हणायचो, सर, कप कशाला असतो? ते म्हणायचे, चहा कपातच प्यायचा असतो, बशी तपासायला असते.

पालकांनी मात्र माझं डोकं खाल्लं. दरवर्षी फोटो लावले की माझ्याकडं रांग. एकदा एका पोरीचे वडील शेतातून तसेच आले, फोटो माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, ह्यात माझी पोरगी कोणती ते दाखवा, मी निमूट घरी जातो. मला दाखवता येईना. सर शेजारीच बसले होते. शांतपणे म्हणाले, "तोंड आधार कार्डावर आहे की. हा तिचा नाच आहे. घरात सांगा, पोरगी वाऱ्यासारखी नाचली." तो गडी फोटो उचलून चालता झाला. मला वाटलं, आता हेडसरांकडं तक्रार जाणार, आणि गेलीच. पुढच्या वर्षीपासून धाराशिवहून एक स्टुडिओवाला यायला लागला, लख्ख फ्लॅश मारून पोरींची तोंडं टिपायला. सरांना वाईट वाटलं असेल, पण म्हणाले नाहीत. कडुलिंबाला पाठ लावून त्यांचं चालूच.

एकाच बाबतीत मी त्यांच्याशी खरंखुरं भांडले. ऊसतोडीच्या टोळीतली एक पोर आमच्याकडं सातवीला आली होती. चार महिन्यांची पाहुणी. हंगाम संपला की आईबाप बिऱ्हाड ट्रॉलीत घालणार आणि ही जाणार. पण लेझीम अशी खेळायची की मी तिला पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं. त्या साली स्टुडिओवाला आलाच नाही, आणि सरांच्या फोटोत ही पोर म्हणजे गुलालाचा एक झोत. पोरीनं फोटो बघितला, परत दिला आणि वर्गात जाऊन रडली. तिच्याजवळ स्वतःचा एकही फोटो नव्हता, ह्यापुढं काढेल असंही कुणी नव्हतं. मी सरांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर झाडलं. म्हटलं, तुम्हाला तुमचा शौक महत्त्वाचा, पोरींचं तुम्हाला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आलेच नाहीत. जुन्या लुनावर बसून ते उसाच्या फडावर गेले होते, टोळीच्या पाचटाच्या कोप्या शोधत. त्या पोरीला कोपीच्या दारात उभं करून त्यांनी फोटो काढला, आईबापासकट एक आणि तिचा एकटीचा एक. मी तो बघितला. डोळ्यांतलं काजळ दिसत होतं, कानातल्या काडीसकट. असा स्वच्छ फोटो आमच्या तालुक्यात कुणी काढला नसेल.

मी म्हटलं, म्हणजे येतं तर तुम्हाला! मग इतकी वर्षं आम्हाला का छळता?

"बाई, हा त्या पोरीचा फोटो आहे," ते म्हणाले. "तो लेझमीचा होता. दोन्ही पाहिजेत, हे तुमचं बरोबर. माझं चुकलं."

एवढं सरळ कबूल केल्यावर काय भांडणार? त्यानंतर ते दरवर्षी नाच सुरू व्हायच्या आधी पोरींना रांगेत उभं करून एक साधा फोटो काढायला लागले. पालकांचा प्रश्न मिटला, आणि सरांचे खरे फोटो कुणी बघायचंच राहिलं नाही. मी सोडून. म्हणजे माझ्या हातात यायचे, एवढंच. प्रिंट आले की ते आधी माझ्याकडं यायचे, कागदी पाकीट पुढं ठेवायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. म्हणायचे, बाई, जास्त माणसं नकोतच मला. एकाला बघता आला तरी रग्गड झालं. मी पत्ते पिसावेत तसे फोटो पिसून छान छान म्हणायची. कधी निकालपत्रं तोंडावर असायची, कधी घरी पाहुणे. ते पाकीट परत घेऊन जायचे.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी चहा सोडला. पित्त होतं म्हणाले. आम्ही म्हटलं, बरं झालं, बशीची सर्कस थांबली. फळ्यावर चित्र काढायचंही त्यांनी कमी केलं, पोरांनाच पुढं बोलवायचे. निवृत्तीला आलेला माणूस, आळसावला असेल, असं आम्ही धरून चाललो.

मग निरोप समारंभ आला. हेडसर नवे होते, हौशी. त्यांनी ठरवलं की सरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, निवडक दहा फोटो मोठे फ्लेक्सवर छापून हॉलमध्ये लावायचे. निवडायचं काम अर्थात माझ्याकडं. सरांनी पहिल्या वर्षापासूनचे सगळे फोटो भरलेला पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाले, तुम्हीच निवडा, तुम्ही बघितलेत सगळे. मी दहावीचे सरावाचे पेपर तपासता तपासता अर्ध्या तासात निवड संपवली. माझा हिशोब सोपा होता. जेवढा जास्त फिसकटलेला, तेवढा जास्त सरांचा. मनापासून केलं होतं हो, ते खोटं नाही. इतकी वर्षं थट्टा केली, निदान जाताना तरी त्यांचं कौतुक व्हावं असं मला खरंच वाटत होतं. सगळ्यात मोठा, माणसाच्या उंचीचा, मी शेवटच्या गॅदरिंगमधला गोंधळाचा फोटो केला. पिवळा, लाल, संबळवाला, दिवटी, सगळं एकात एक मिसळून गेलेलं.

त्या दिवशी हॉल भरला होता. जुने विद्यार्थी आले होते, सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आल्या होत्या. सर एकेक फोटो बघत पुढं सरकत होते, हात मागं बांधलेले. पाचसहा फोटोंपाशी नुसतं थांबून पुढं गेले. त्या मोठ्या फोटोपुढं आले आणि तिथंच राहिले. माणसं भोवती जमली. हेडसर म्हणाले, सर, हा तुमचा सर्वोत्तम. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारी उभी होते, नवी साडी नेसून, माझ्या निवडीवर खूश. तेवढ्यात ते माझ्याकडं वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, यात खांब हललाय."

मला वाटलं, नेहमीचा विनोद. मी मोठ्यानं हसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, तुमच्या फोटोत खांबसुद्धा नाचायला लागला!"

हॉल हसला. सरसुद्धा हसले. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली आणि हार घालून घ्यायला खुर्चीवर जाऊन बसले. भाषण दोन वाक्यांचं केलं. आम्ही म्हटलं, ऊर भरून आला असेल.

त्याला सातआठ महिने झाले असतील. ढोकीच्या बाजारात वहिनी दिसल्या. मी सरांची चौकशी केली तर त्या पिशवी खाली ठेवून रडायलाच लागल्या. कंपवात. उजव्या हातापासून सुरू झालं होतं, आता दोन्ही हात, मान, पाय. घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडतो, म्हणाल्या. डॉक्टर म्हणतात, हे काल-परवाचं नाही, तीनएक वर्षांपासून असणार. आमास्नी कुणालाच पत्ता लागू दिला न्हाय.

घरी आले, स्वयंपाक तसाच टाकला आणि तो पेनड्राइव्ह शोधून काढला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी पोरी सोडून खांब बघितला. जुन्या फोटोंत पोरी वाहत होत्या आणि मागं व्हरांड्याचा खांब असा उभा, की त्यावरचा चुन्याचा पोपडासुद्धा मोजावा. खांबाच्या त्या उभेपणामुळंच पोरी नाचतायत हे कळत होतं. एकीचा टेकलेला पाय पैंजणासकट दिसत होता, आणि त्या पायावरून बाकीची सगळी पोर वर निघून चालली होती. मी बसवलेला नाच. माझ्या डोळ्यांसमोर झालेला. मी तो तेव्हा बघितलाच नव्हता, पुढं कोण चुकतंय तेवढंच बघत होते.

मग शेवटच्या दोन वर्षांचे उघडले. एका खांबाचे दोन दिसत होते. टेकलेला पाय कुठंच नव्हता. हॉलमध्ये लावलेल्या दहांतले सात मी त्यातलेच निवडले होते.

पुढचे पंधरा दिवस मला कशात गोडी वाटेना. सगळ्या गावासमोर मी त्या माणसाचं दुखणं माणसाच्या उंचीएवढं करून टांगलं होतं आणि वर हसले होते. शेवटी एका रविवारी हिय्या करून निघाले. एस.टी.त बसल्यापासून मनात एकच घोकत होते. सर, मला कळलं नाही, मला माफ करा.

सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. अंगावर शाल, दोन्ही हात शालीच्या आत. चेहरा पार थिजला होता, पण मला बघून डोळे हसले. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. मी विषय काढणार तोच ते बोलायला लागले. आवाज बारीक झाला होता, मला पुढं वाकावं लागलं.

"बाई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

मी म्हटलं, कसले उपकार, सर?

"त्या दिवशी मला राहवलं नाही, बोलून गेलो खांबाचं. बोललो आणि भ्यालो. म्हटलं, आता बाई विचारणार, आणि सगळ्यांसमोर सांगावं लागणार की हात गेला म्हणून. पण तुम्ही लगेच हसण्यावारी नेलंत. पोरांसमोर माझी लाज राखलीत." शालीतले हात थरथरत होते, तेवढीच शाल हलत होती. "घरात तोवर हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं. मला वाटायचंच, तुम्ही बोलून दाखवत नाही, पण तुम्हाला फोटो बघता येतो."

एस.टी.त घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. मी ते बोलले असते तर माझं मन मोकळं झालं असतं, आणि त्यांच्याजवळ काहीच उरलं नसतं.

"होय सर," मी म्हणाले. "कळलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. किती हलला होता हो हात, असं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, थोडासाच, सर, माझ्याशिवाय कुणाला कळला नसता. मग मी त्यांना त्यांच्या जुन्या फोटोंबद्दल सांगत बसले. तो टेकलेला पाय, ते पैंजण, पंधरा दिवसांत जे जे बघितलं होतं ते सगळं, वर्षानुवर्षं माहीत असल्यासारखं. ते ऐकत होते. मधेच एखाद्या फोटोची खूण पटली की मान हलवायचे. चहा आला, निवून गेला. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, बाई, लई दिसांनी बोलले बघा ते, येत जावा.

मी आणखी दोनदा गेले. चौथ्यांदा जायच्या आधीच ते गेले.

खोटं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण ते खोटं असायची काही गरज नव्हती, हे मला सहन होत नाही. दर वर्षी ते पाकीट घेऊन येत होते, माझ्यासमोर उभे राहत होते. दोन मिनिटांचं काम होतं.